१० महिन्यांची पेड फेलोशिप (माळरान-टेकडी पुनरुज्जीवन) घेऊ की लँडस्केपची नोकरी धरून ठेवू?

कोरडवाहू_२४

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी इंदापूरकडची, बीएस्सी हॉर्टी. दीड वर्ष झालं पुण्यात एका लँडस्केप काँट्रॅक्टरकडे साईट सुपरवायझर आहे, हातात २२ हजार येतात. काम काय, तर बिल्डरचा हँडओव्हर असला की आदल्या रात्री ट्रक येतो, फॉक्सटेल पाम, चाफा, गोल्डन ड्युरांटा, फायकस, सगळं फटाफट खड्ड्यात, वर मेक्सिकन लॉन अंथरायची, सकाळी फोटो. सहा महिन्यांत निम्मं जळतं, मग रिप्लेसमेंटचं बिल. एप्रिलमध्ये लोकांना प्यायला टँकर आणि आम्ही लॉनवर पाईप धरून उभे, परवा एका आजींनी गॅलरीतून असं काही सुनावलं की खाली मान घालून पाईप बंद केला.

तर एका संस्थेची फेलोशिप लागलीय. माळरान आणि टेकडीउतारावर अधिवास परत उभा करायचा, देशी रोपांची नर्सरी, शिवाय तीन महिने शहरात कमी पाण्याच्या बागा, म्हणजे पावसाचं पाणी जागेवर मुरवायचं, लॉनच्या जागी देशी गवतं-झुडपं वगैरे. स्टायपेंड १८ हजार, राहायची सोय त्यांची, जेवण आपलं. १ जून ते ३१ मार्च. उत्तर ३ मेपर्यंत द्यायचंय.

वडील म्हणतात शेतीतलं शिकून परत खड्डेच खणायचे तर घरच्या डाळिंबात खण, निदान चहा तरी फुकट मिळेल. कुणी असलं काही केलंय का? पुढे काम मिळतं का की नुसतं सर्टिफिकेट?

---

टेकडीउतार

अगं अभिनंदन आधी. मी ९ वर्षं याच कामात आहे, आधी रविवारचा हौशी, नंतर नोकरी सोडून पूर्णवेळ, त्यामुळे माझं मत एकतर्फी असणार हे धरून चाल.

तुझ्या पोस्टमध्ये एक गोष्ट खटकली ती आधी सांगतो. १ जून ते ३१ मार्च. १० महिने ऐकायला भरपूर वाटतात पण वर्षातले जे दोन महिने खरे शिकवतात नेमके तेच त्यात नाहीत. जूनमध्ये लावलेलं सगळंच सप्टेंबरात झकास दिसतं, पुण्याच्या पावसात काठी रोवली तरी फुटते. एप्रिल-मेमध्ये त्यातलं काय उभं राहिलं, कुठलं मुरमात गेलं, कुठलं शेळीने खाल्लं, कुठलं वणव्यात गेलं हे बघितल्याशिवाय तू काय शिकलीस ते तुलाच कळणार नाही. म्हणून त्यांना विचार, तीन वर्षांपूर्वीचा प्लॉट दाखवा, आणि आत्ताच दाखवा, भर उन्हात. पावसाळ्यातले ड्रोनचे फोटो पाठवले तर गोड हसून नाही म्हण.

दुसरं म्हणजे ते माळावर नक्की काय करतात ते नीट बघ. तू इंदापूरची म्हणजे तुला वेगळं सांगायला नको, पण आपल्याकडे गवताळ माळ सरकारी कागदावर वर्षानुवर्षं पडीक जमीन म्हणूनच लागलाय, त्यामुळे ज्याला त्याला तिथे झाड लावायची घाई. २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी, असे वृक्षलागवडीचे आकडे चढत गेले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण जिथे चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी राहतात त्या माळावर चर खणून दाट झाडं लावली तर ते पुनरुज्जीवन नाही, ते घर पाडणं आहे. कोकणातल्या सड्यावर (जांभ्या खडकाचा सपाट माथा) नि कासच्या पठारावर तेच. तिथे झाड नाही कारण तिथे झाडाचं कामच नाही, पावसाळ्यात चार इंच मातीत जे उगवतं तेच तिथलं जंगल. तेव्हा संस्था झाडांची संख्या सांगत असेल तर सावध, गवतांची नावं सांगत असेल तर जा. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी ही नावं त्यांच्या तोंडून आपणहून आली पाहिजेत.

टेकड्यांवरचा प्रकार वेगळा. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेलं ग्लिरिसिडिया (उंदीरमारी) आता इतकं माजलंय की खाली गवताची काडी उगवत नाही. एकदम तोडून चालत नाही, बुंध्यातून चौपट फुटतं, आणि सगळं मोकळं केलं की पहिल्याच पावसात माती ओढ्यात. टप्प्याटप्प्याने विरळ करायचं, मधल्या जागेत मेडशिंगी, सालई, मोई, धावडा, गणेर बसवायचं आणि कडेने गवत येऊ द्यायचं. सोपं वाटतं, दहा वर्षं जातात. घाणेरीचं पण तसंच, वरून कोयत्याने छाटली की पुढच्या वर्षी दुप्पट. जमिनीखाली मुळाचा गड्डा जिथून फुटतो त्याच्या खाली कुदळीने तोडायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं म्हणजे परत मूळ धरत नाही. दिल्लीचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली पद्धत आहे ही. पाठ दुखते पण काम होतं.

आणि मजुरांशी गट्टी कर. जोधपूरला मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा पार्क आहे, २००६ पासून प्रदीप क्रिशन यांनी तिथली वेडी बाभूळ काढून वाळवंटी झाडोरा परत आणला. सगळा खडक, बाभळीची मुळं खडकाच्या फटीत गेलेली. शेवटी कामाला आले खंडवालिया, म्हणजे तिथले पिढीजात दगड फोडणारे, हातोडीने खडक वाजवून आवाजावरून सांगायचे खड्डा कुठे लागेल. हे कुठल्या एमएस्सीत शिकवतात सांग.

---

नर्सरीवाले_काका

वरचे साहेब बोलले ते ठीक, पण पोटापाण्याचं मी सांगतो. आमची उरुळी कांचनला नर्सरी, वडिलांपासून. पूर्वी देशी रोप म्हणजे कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, संपलं. आता लँडस्केपवाले पोरंपोरी येतात आणि विचारतात काका वारस आहे का, कुडा आहे का, मुरुडशेंग आहे का, दिंडा आहे का. नसतं. कुणाकडेच नसतं, कारण बी कोण गोळा करणार आणि कधी करणार हे माहीत असलेली माणसं हातावर मोजण्याइतकी.

बाई, फेलोशिपमध्ये फक्त एक गोष्ट घट्ट शिक, बी. कुड्याच्या शेंगा तडकायच्या आत काढल्या नाहीत तर म्हातारीसारखं सगळं बी वाऱ्यावर. जांभूळ नि कडुनिंबाचं बी ठेवून चालत नाही, पडलं की त्याच आठवड्यात पिशवीत, बरणीत भरून ठेवलं तर ते बी नाही, शोपीस. याउलट बहावा, त्याचं बी कवचाचं असलं टणक की कानशीवर घासा नाहीतर कढत पाण्यात टाकून रात्रभर ठेवा, नाहीतर वर्षभर तसंच पडून राहील. पांगारा, मोई, सालई पावसाच्या तोंडाला फांदी लावून येतात. आणि रोप सावलीत लाडात वाढवून डायरेक्ट माळावर नेऊ नका, आधी शेडनेटच्या बाहेर काढून पाणी कमी करत करत कणखर करायचं. मोठ्ठं रोप दिसायला छान पण पिशवीत मूळ गोल फिरलेलं असतं, ते आयुष्यभर गोलच फिरतं. छोटं रोप, सरळ मूळ.

ज्याला हे येतं त्याला मी आज २५ हजारावर ठेवायला तयार आहे. बाकी तुमच्या वडिलांचं म्हणणं पण चुकीचं नाही हो. डाळिंबाला भाव बरा चाललाय.

---

पुनश्च_हरिओम

कुणीतरी कडू बोलायला पाहिजे म्हणून बोलतो. फेलोशिप हा शब्द काही ठिकाणी स्वस्तात माणूस मिळवायचा मार्ग आहे. मी ३ वर्षांपूर्वी केली, नाव घेत नाही. ऑफर लेटरमध्ये "मासिक", प्रत्यक्षात पहिला स्टायपेंड चौथ्या महिन्यात, कारण फंडरकडून (संस्थेला पैसे देणाऱ्याकडून) हप्ता आला नाही. तोवर मित्राकडून उसने घेऊन पेट्रोल टाकत होतो, साईट मुक्कामापासून ३४ किमी. वर कन्सल्टंट दाखवून १० टक्के टीडीएस कापला, तो रिटर्न भरल्यावर परत मिळाला खरा पण तेव्हा गरज संपलेली. आणि काम काय, तर सहा महिने कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांच्या वृक्षारोपणाला बॅनर धरणे आणि एक्सेल भरणे.

त्यामुळे लेखी घे: पैसे कुठल्या तारखेला, उशीर झाला तर काय, पेट्रोल-भाडं कोण देणार, विमा आहे का (साप-विंचू, उतारावरून पडणं, मधमाशा, सगळं होतं), सुट्ट्या किती, राहायची खोली मुलींसाठी वेगळी आहे का, तिथे संडास-पाणी आहे का. विचारायला लाजू नकोस, ज्यांचं सरळ आहे ते सरळ उत्तर देतात. आणि मागच्या बॅचच्या दोन पोरांचे नंबर माग, संस्थेने दिलेले नाही, स्वतः शोधून काढलेले.

आकड्याचं म्हणशील तर १८ वाईट नाही. सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार होते. दुसऱ्या टोकाला मुख्यमंत्री फेलोशिप आहे, तिथे पैसे बरे पण वय २१ ते २६, फर्स्ट क्लास, अनुभव, परीक्षा, आणि काम शेवटी ऑफिसातलं. एसबीआय यूथ फॉर इंडिया ही फेलोशिप बघून ठेव, १३ महिने खेड्यात, वय ३२ पर्यंत चालतं, पर्यावरण हा विषय घेता येतो. १३ महिने म्हणजे उन्हाळा पण हातात येतो, टेकडीउतार खूश होतील.

---

टेकडीउतार

झालो ना 😄

---

सांताक्लारा_सोलापूर

मी इकडे कॅलिफोर्नियात, मूळ सोलापूर, त्यामुळे नान्नजचा (माळढोक अभयारण्याचा) माळ बघत मोठी झाले. इथे लँडस्केपचं मास्टर्स केलं म्हणून थोडी भर.

इकडे लॉन काढायला लोकांना पैसे देतात! लॉस एंजेलिसच्या पाणी खात्याने लॉन उपटून कमी पाण्याची झाडं लावली तर चौरस फुटाला ५ डॉलरपर्यंत दिलेत. आणि २०२३ ला कायदा झाला की ऑफिसं-कंपन्यांसमोरची जी नुसती शोभेची लॉन आहे तिला २०२७ पासून टप्प्याटप्प्याने पिण्याचं पाणी घालायचं नाही. त्यामुळे देशी झाडं ओळखणाऱ्या माणसाला काम आहे. आपल्याकडे असा कायदा नाही पण टँकरचं बिल आहे, ते कायद्यापेक्षा कडक असतं.

ज्यांना वाटतं की परदेशात जाऊन असली पेड फेलोशिप करू त्यांच्यासाठी: अमेरिकॉर्प्स (इथली सरकारी समाजसेवेची योजना) आणि त्यांच्या पैशावर चालणारे बहुतेक कार्यक्रम नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांनाच. स्टुडंट व्हिसावर मला कॉलेजमार्फत पेड इंटर्नशिप करता आली, तेवढंच. आणि पुनश्च म्हणतात ते फंडरचं प्रकरण इकडे पण आहे, एप्रिल २०२५ मध्ये सरकारने अमेरिकॉर्प्सची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदानं एका फटक्यात बंद केली, पोरं रोपं हातात घेऊन उभी आणि मेल आला की आजपासून काम थांबवा. तेव्हा पैसा एकाच फंडरकडून येतो का तिघांकडून हे विचारायला हरकत नाही.

---

कोरडवाहू_२४

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

काका, बियांचं वाचून एकदम आजी आठवली, ती करंजाच्या शेंगा पदरात आणायची. पुनश्च दादा, प्रश्न सगळे वहीत उतरवले. मागच्या बॅचमधली एक ताई सापडली, ती म्हणाली पैसे वेळेवर, फक्त दिवाळीच्या महिन्यात दहा दिवस उशीर. जेवण स्वतःचं म्हणजे महिन्याला साधारण चार हजार जातील म्हणे. म्हणजे १४ हातात. घरी ५ पाठवते ते बंद होतील हे मात्र टोचतंय.

टेकडीउतार दादा, पुढच्या रविवारी प्लॉट बघायला बोलावलंय. मीच म्हटलं दुपारी येते.

---

अंगण_आणि_ओटा

मी लँडस्केप आर्किटेक्ट, स्वतःची छोटी फर्म, तीन माणसं. सगळे माळावर बोलताहेत म्हणून शहराच्या भागाबद्दल लिहिते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तो कुणाला आठवत असेल तर, आणि नंतर जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हापासून सोसायट्यांचे फोन बदललेत. आधी विचारायचे फुलं कुठली लावू, आता विचारतात पार्किंगमध्ये पाणी येतं त्याचं काय करू. आणि गंमत म्हणजे तीच सोसायटी मार्चमध्ये टँकर मागवते. तर उत्तर बऱ्याचदा बागेतच असतं. लॉन उंच आणि रस्ता खाली असतो, पाणी वाहून थेट गटारात. आम्ही ते उलटं करतो, हिरवा पट्टा वीतभर खाली घ्यायचा, खाली खडी-वाळू, वर वाळा, लव्हाळा, कडेने निर्गुडी, अडुळसा, कुडा. कर्बला (रस्त्याच्या कडेचा कट्टा) जागोजागी विटेएवढी फट ठेवायची, पाणी आत. परवा एका ठिकाणी गवंड्याने प्रेमाने सगळ्या फटी सिमेंटने बुजवल्या, "मॅडम राहिलं होतं, करून टाकलं". परत फोडल्या.

मला असं ड्रॉइंग काढणारी मुलं ढिगाने मिळतात. साईटवर मुरूम किती खोल आहे हे पहार मारून सांगणारं, वाळ्याची जुडी कधी फोडायची हे माहीत असलेलं कुणी मिळत नाही. तुझ्याकडे काँट्रॅक्टरचा दीड वर्षाचा अनुभव आहेच, म्हणजे रेट माहीत, लेबर माहीत, बिल्डरचे नखरे माहीत. त्यावर हे १० महिने बसले तर तू दुर्मीळ माणूस होशील. पण स्पष्ट सांगते, सर्टिफिकेट मी बघणार नाही. एकाच जागेचे तू दर महिन्याला त्याच दगडावर उभं राहून काढलेले फोटो आणि खाली तुझ्या अक्षरात काय मेलं नि का मेलं, एवढं आणलंस तर मुलाखत पाच मिनिटांत संपेल.

घरच्या ५ हजाराचं गंभीरपणे घे. ते सोडून फेलोशिप करणं सगळ्यांना परवडत नाही आणि त्यात कमीपणा नाही. शहरातल्या तीन महिन्यांत शनिवार-रविवार बाहेरचं काम चालेल का विचार, चालत असेल तर मी दिवसावर देईन.

---

कोरडवाहू_२४

अपडेट. जाऊन आले, अजून डोकं तापलंय उन्हाने.

दुपारी एकला पोचले. कोऑर्डिनेटर सर भले माणूस, पण दोन प्लॉट दाखवायच्या आधी पीपीटी दाखवायला निघाले, मी म्हटलं आधी प्लॉट. कुंपणाच्या बाहेर नुसती खडी, आत गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, सोनेरी, वाऱ्याने सळसळत होतं. मी विचारायच्या आत सर म्हणाले हे शेडा, ते मारवेल (टेकडीउतार दादा, आपणहून!). मधे मधे बोर आणि हिवर, ती त्यांनी लावलेली नाहीत, चराई थांबवल्यावर आपोआप आली. एका कडेला चार ओळी नुसत्या काटक्या, प्रत्येकीला पत्र्याचा नंबर. सर म्हणाले पहिल्या वर्षी देणगीदाराचा हट्ट होता वड-पिंपळाचा, लावले, गेले. लपवलं नाही हे आवडलं.

मग तिथल्या मुकादम मावशी भेटल्या. रजिस्टरमध्ये एका ओळीपुढे "मृत" लिहिलेलं, मेडशिंगीची होती बहुतेक, एकही पान नाही. मावशींनी बसून एका काडीची साल नखाने जराशी खरवडली, खाली हिरवंगार. दुसरीची खरवडली, हिरवी. तिसरी तपकिरी. म्हणाल्या मागच्या पोराने पानं नाहीत म्हणून सगळी मेली लिहिली आणि गेला मार्चला. सरांनी तिथल्या तिथे खोडून दुरुस्त केलं.

फेलोशिप मार्चलाच का संपते ते विचारलं. तर कारण काय असेल? देणगीदाराचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. बस. झाडांना मार्चएंड कळत नाही म्हटलं तर सर स्वतःच हसले. एप्रिल-मे-जूनसाठी नर्सरी इन्चार्ज म्हणून १२ हजारावर थांबता येईल म्हणाले, लेखी द्यायला तयार आहेत. विमा आहे, पेट्रोल महिन्याला २ हजारापर्यंत. खोली दोघींत एक, पाणी दिवसाआड.

काल होकार कळवला. नोकरीत १५ दिवसांची नोटीस दिली, काँट्रॅक्टर म्हणाला जा बाई, जुलैत येशील परत. वडील काही बोलले नाहीत, संध्याकाळी विचारलं त्या मावशीला रोज किती देतात. रोजगार हमीचा २०२५-२६ ला ३१२ रुपये होता त्यापेक्षा थोडे जास्त म्हटलं तर म्हणाले तिला जास्त द्यायला पाहिजेत.

अंगण ताई, शनिवार-रविवारचं विचारलं, शहरातल्या तिमाहीत चालेल म्हणाले. तुम्हाला मेसेज करते. अजून एक, जूनमध्ये जाताना काय काय न्यायचं कुणी सांगेल का?

---

नर्सरीवाले_काका

कानस, जुनी वर्तमानपत्रं, कापडी पिशव्या आणि पेन्सिल. पेनाने लिहिलेली लेबलं पावसात धुऊन जातात. येताना उरुळीला उतरा, रूट ट्रेनरचे (मूळ सरळ वाढवणारे साचे) दोन ट्रे देतो, पैसे नंतर.

---

टेकडीउतार

गमबूट घे, पण ऑक्टोबरनंतर वेगळे बूट. आणि लोकरी-सुती मोजे अजिबात नको, कुसळीचं कुसळ एकदा विणीत शिरलं की चालताना आत आत जातं, मी एकदा रात्री बसून चिमट्याने ४१ काढली होती. गुळगुळीत कापडाचे गेटर्स (बुटावरून पोटरीला बांधायचे) शिवून घे, जुन्या छत्रीच्या कापडाचे मस्त होतात.